महिन्याला एक कादंबरी

पाचोऱ्यात गेल्या वर्षी दहा-बारा जणांनी ठरवलं, दर महिन्याला एक जुनी, गाजलेली मराठी कादंबरी वाचायची. यादी केली प्रस्तुत लेखिकेने, आणि पहिली चूकही तिचीच. जानेवारीलाच तिने ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ लावली. जाडजूड पुस्तक, सव्वाशे वर्षांपूर्वीची भाषा आणि हाताशी प्रत एकच. ती तिघांकडे फिरेपर्यंत महिना सरला.

खरं नुकसान मात्र पानांच्या हिशेबाने केलं. ग्रुपवर रोज ‘आज चाळीस पानं’ असे आकडे पडू लागले. मागे राहिलेल्यांनी आधी आकडे टाकणं सोडलं, मग बैठकीला येणं. मार्चमध्ये नेमाड्यांची ‘कोसला’ होती. त्यांचं सांगवी आपल्याच जिल्ह्यातलं, यावल तालुक्यातलं, म्हणून उत्साह मोठा. पण वेळ पुरेना, तेव्हा लेखिकेने मधली पानं न वाचताच नावापुढे ‘पूर्ण’ लिहिलं. बैठकीत एका शिक्षिकेने कादंबरीचा नायक पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूचा भाग मोठ्याने वाचला. तिचा आवाज दोनदा अडला. पुस्तक मिटून तिने मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ कोणी बोललं नाही. नेमकी तीच पानं लेखिकेने ओलांडली होती.

हरिभाऊ आपट्यांची कादंबरी मुळात अशा घाईसाठी आलीच नव्हती. १८९० मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ती क्रमशः येत होती. तिकडे इंग्लंडात डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ १८३६-३७ मध्ये दर महिन्याला एक भाग अशी निघाली. त्या वाचकांना जे पुरवून पुरवून मिळालं, ते आपण तीस दिवसांत उरकायला निघालो होतो.

असा गट काढणाऱ्यांनी सुरुवात विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ने (१९३९) करावी. चक्रधर विध्वंस आणि ज्यू निर्वासित हॅर्टा यांची बोटीवरच्या मोजक्या दिवसांची ती गोष्ट आठवडाभरात वाचून होते आणि बोलायला महिना पुरत नाही. मग माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. जाड कादंबरीला दोन महिने द्यावेत, आणि यादीआधी प्रती मोजाव्यात. खानदेशात तर शेताकडे पाहूनच महिने ठरवावेत. दिवाळीच्या सुमाराला कापूस वेचणीला आला की रात्री नऊलाच डोळे मिटतात. पानांचे आकडे मागू नयेत. प्रत्येकाने मनात राहिलेलं एक पान वाचून दाखवावं. पुस्तक अर्धं झालेल्याकडेही असं एक पान असतंच.

यंदा जूनपासून गट पुन्हा बसतो आहे. सहाच जण आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबर मिळून ‘कोसला’ ठेवली आहे. तीन प्रती जमल्या, तीन हव्यात. पाचोरा-भडगावकडे कुणाच्या कपाटात जुनी प्रत पडून असेल, तर दोन महिन्यांसाठी जरूर द्यावी.