लोकप्रियता आणि उच्चार : सुलोचना चव्हाण यांचे लावणीगायन

मागील घटकात आपण प्रमाणभाषा आणि बोली यांचा संबंध पाहिला. प्रस्तुत घटकात त्याचा एक ऐकण्याजोगा दाखला अभ्यासावयाचा आहे. १९७०च्या दशकात कसबा बावड्यात आमच्या गल्लीतील लग्नघरी कर्णा लागला की सुलोचनाबाईंचा आवाज हटकून ऐकू येई. त्या ह्याच मुलखातल्या असाव्यात, अशी आमची बालसमजूत होती.

वस्तुस्थिती निराळी होती. सुलोचना कदम यांचा जन्म १३ मार्च १९३३ रोजी मुंबईत झाला आणि गिरगावच्या फणसवाडीत त्या वाढल्या. संगीताचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नाही. ग्रामोफोनच्या तबकड्या हीच त्यांची पहिली शाळा. बालपणी नाटकांतून कामे केल्यावर त्या हिंदी चित्रपटांसाठी गाऊ लागल्या. 'हीच माझी लक्ष्मी' (१९५१) या चित्रपटात वसंत देसाई यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली त्यांनी हंसा वाडकर यांच्यासाठी लावणी गायिली आणि वाट बदलली. विवाहानंतर पती श्यामराव चव्हाण हेच त्यांचे गुरू झाले. लावणीतला शब्द कसा फेकावा, कोठे दाबावा, कोठे सोडावा, हे शिक्षण त्यांना घरातच मिळाले. पुढे आचार्य अत्रे यांनी त्यांना 'लावणीसम्राज्ञी' म्हटले.

कोल्हापूरचा संबंध येतो तो गीतकारामुळे. जिल्ह्यातील हळदी गावचे जगदीश खेबुडकर हे पेशाने शिक्षक. 'रंगल्या रात्री अशा' (१९६२) हे त्यांचे चित्रपटगीतलेखनातील पदार्पण. त्यातील त्यांची लावणी वसंत पवार यांनी स्वरबद्ध केली व सुलोचनाबाईंनी गायिली. 'सवाल माझा ऐका' (१९६४) मध्ये हे तिघे पुन्हा एकत्र आले. म्हणजे शब्द पंचगंगेकाठचे आणि कंठ गिरगावचा.

आता उच्चाराकडे वळू. 'वर्ष' या शब्दात दोन अक्षरे आहेत. बोलीतल्या 'वरीस'मध्ये तीन. जोडाक्षर फोडून मध्ये स्वर घालण्याच्या या प्रक्रियेस स्वरभक्ती म्हणतात. व्याकरणाच्या तासाला तो अपभ्रंश ठरतो; गाताना मात्र मधल्या दीर्घ अक्षरावर रेंगाळण्यास जागा मिळते. ही जागा सुलोचनाबाईंनी अचूक ओळखली. विशेष म्हणजे रंगमंचावर त्या डोक्यावर पदर घेऊन, हावभाव न करता गात. जे काही करायचे ते आवाजाने आणि उच्चारानेच.

या कीर्तीची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. चित्रपटाने ही बोली महाराष्ट्रभर पोहोचवली खरी, पण शृंगार आणि थट्टा यांपुरतीच. याच बोलीत शेताचा दावा लढवला जातो, मयताला रडले जाते. पडद्यावर त्यास फारसा वाव नव्हता. संपर्कसत्रात एक गृहस्थ उत्तर देण्यापूर्वी "सर, आमचं बोलणं जरा गावंढळ हाय," असे म्हणाले, तेव्हा मला ही गोष्ट तीव्रतेने जाणवली. दोष गायिकेचा नव्हे. तिने बोलीची नक्कल केली नाही, ती अभ्यासाने आत्मसात केली. शासनाने २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री दिली. त्याच वर्षी १० डिसेंबरला त्यांचे निधन झाले.

स्वाध्याय : सुलोचनाबाईंची कोणतीही एक लावणी दोनदा ऐका. स्वरभक्तीची तीन उदाहरणे टिपा आणि तेच शब्द आपल्या घरातील वडीलधारी मंडळी कोणत्या प्रसंगी वापरतात, ते दहा ओळींत लिहा.