माळ्यावरची घरगुती पत्रं: रुमाल सोडण्यापासून प्रवास उलगडण्यापर्यंत

पुण्याच्या शनिवार पेठेतला जुना वाडा पुनर्विकासाला निघाला की माळा रिकामा करायची घाई सुरू होते. खरेदीखतं आणि सनदा जपून बाजूला ठेवतात, 'सौ. ताईस न्यावयास दशमीस येतो' असली पत्रं रद्दीत जातात. पण बाळंतपणाला मुलगी कोणाच्या सोबतीनं माहेरी आली, देवीच्या साथीमुळे कोणाचं लग्न पुढे गेलं, हे सरकारी दप्तरात क्वचितच सापडतं. जेन ऑस्टिनच्या पत्रांतही घरी परतायला कोणता भाऊ सोबत येणार, ही विवंचना आहे. तिची बरीच पत्रं बहीण कॅसँड्रानं जाळली. त्यांतला मजकूर कायमचा गेला. आपल्या घरात तसं होऊ नये, म्हणून ही कृती.

काय लागेल: मऊ कुंचला, स्वच्छ सुती कापड, पेन्सिल, आम्लमुक्त कागदाचे लिफाफे, वही, कॅमेऱ्याचा फोन आणि जुनी जंत्री.

1. क्रम मोडू नका. रुमाल, म्हणजे पत्रं बांधलेलं कापड, सोडण्याआधी आणि प्रत्येक थर उचलण्याआधी फोटो काढा. शेजारी ठेवलेली पत्रं बहुधा एकाच प्रसंगाची असतात. काम कोरड्या दिवसांत करा; दमट हवेत जुन्या कागदाला लवकर बुरशी धरते.

2. हलक्या हातानं साफ करा. धूळ कुंचल्यानं एकाच दिशेला झटका. चिकटलेली घडी ओढू नका. चिकटपट्टी, लॅमिनेशन, इस्त्री, टाचण्या पूर्ण वर्ज्य. क्रमांक पत्रावर घालू नका. लिफाफ्यावर, तोही पेन्सिलीनं आणि पत्र आत ठेवण्यापूर्वी.

3. वाचन मायन्यापासून सुरू करा. मोडी लिपीत शब्द सलग लिहिलेले असतात, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घही बहुधा पाळलेलं नसतं. पण मायना ठरलेला असतो: 'तीर्थरूप', 'साष्टांग नमस्कार विनंति विशेष', 'येथील कुशल'. ही ओळखीची अक्षरं वहीत उतरवून घ्या. त्या लेखकाच्या हाताची ती बाराखडीच होते. चि., ति., सौ., गं. भा. या संक्षेपांवरून नाती मांडा.

4. तारीख लावा. शकात 78 मिळवा. 1 जानेवारी ते फाल्गुनअखेर 79. शके 1782 चा माघ म्हणजे 1861 चा आरंभ. 'छ' आणि पुढे आकडा दिसला तर ती हिजरी महिन्याची तारीख. अचूक दिवसासाठी मोडकांची जंत्री पाहा.

5. प्रवास उलगडा. प्रत्येक पत्रातून पाच गोष्टी टिपा: कोण, कुठून, कोणाच्या सोबतीनं, कशानं आणि कशासाठी. मग वर्ष पाहून वाट ठरवा. मुंबई-पुणे वाटेवरच्या बोरघाटातला गाडीरस्ता 1830 मध्ये खुला झाला. रेल्वे 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे धावली, 1856 मध्ये खोपोलीला पोचली आणि 1858 मध्ये पुणे-खंडाळा जोडलं गेलं. घाटातला लोहमार्ग मात्र 1863 मध्ये सुरू झाला.

समजा, माघ शके 1782 च्या पत्रात मुंबईहून शनिवार पेठेत बाळंतपणाला माहेरी येणाऱ्या लेकीबद्दल 'घाटाची सोय आधी करून ठेवावी' असं आहे. आता त्याचा अर्थ नीट लागतो. खोपोलीला गाडीतून उतरायचं, डोलीनं किंवा बैलगाडीनं घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडी धरायची. दिवस गेलेल्या मुलीला एकटीनं कोण पाठवणार? म्हणून पत्रात मुऱ्हाळी, म्हणजे तिला न्यायला येणारा सोबती, कोण हे आधी ठरतं आणि मुहूर्त, शिदोरी, भाडं त्यामागून येतं.

6. टपालाच्या खुणा तपासा. 1854 पासून हलक्या पत्राला अंतर कितीही असो, अर्धा आणा पडू लागला. त्याआधी अंतराप्रमाणे आकार वाढे, म्हणून पुष्कळ पत्रं ओळखीच्या माणसाबरोबर जात. 1879 मध्ये पाव आण्याचं कार्ड आलं. ते वाटेत कोणीही वाचू शके, तेव्हा नाजूक बातमी त्यात शोधू नका. मायन्याशेजारी 'पावले' आणि मिती असेल तर पत्र किती दिवसांत पोचलं ते कळतं.

7. उणी पत्रंही लक्षात घ्या. अशुभ वार्तेचं पत्र वाचून फाडून टाकायची रीत होती. त्यामुळे एखादं नाव अचानक यायचं थांबलं आणि 'सौ.' च्या जागी 'गं. भा.' दिसू लागलं, तर मधल्या काळात काय घडलं ते समजून घ्या.

8. जागा ठरवा. सगळ्या पत्रांचे फोटो दोन ठिकाणी साठवा. घरात सांभाळणं जमणार नसेल तर पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या, 1910 मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आधी विचारणा करा. देताना यादी जोडा आणि लेखी पोच घ्या.

हे सगळं घरातली वडील मंडळी आहेत तोवर करा. पत्रातला 'बापू' नेमका कोण, हे कुठल्याही जंत्रीत सापडत नाही. ते त्यांनाच विचारावं लागतं.