एक टर्बो की दोन? – रोटरी मोटारीच्या निमित्ताने

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात इंजिनाविषयीचा लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु येथे ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे, तो केवळ कारागिराचा नाही. सर्व गुण एकाच वेळी मिळत नसतील, तर कोणता पदरात घ्यावा आणि कोणता सोडावा, असा तो निवडीचा प्रश्न आहे. उदाहरण म्हणून जपानच्या माझ्दा कंपनीची आर. एक्स.-७ ही वेगवान मोटार घेऊ. १९७८ साली ती प्रथम बाजारात आली व २००२ साली तिचे उत्पादन थांबले. तिच्या शेवटच्या पिढीला मुळातच दोन टर्बोचार्जर आहेत. ते तसेच ठेवावेत की काढून एकच मोठा बसवावा, हा तिच्या हौशी मालकांतील जुना वाद आहे.

रोटरी इंजिनाची रचना

नेहमीच्या इंजिनात दट्ट्या वरखाली होतो. जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोटरी इंजिनात दट्ट्याच नसतो. कमरेशी किंचित आवळलेल्या लांबट पोकळीत, फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर फिरतो. हवा व पेट्रोल आत घेणे, दाबणे, पेटवणे आणि जळालेला वायू बाहेर टाकणे ही चारही कामे त्याच्या फिरण्यातच उरकतात. रोटरचा एक फेरा होतो तेव्हा मुख्य दांड्याचे तीन फेरे होतात. म्हणजे दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला दर रोटरमागे एक स्फोट मिळतो. आर. एक्स.-७ च्या या इंजिनात प्रत्येकी ६५४ घन सेंटिमीटरचे दोन रोटर आहेत. एकूण आकारमान अवघे १,३०८ घन सेंटिमीटर!

रोटरच्या तीन टोकांवर एपेक्स सील नावाच्या पट्ट्या असतात. पोकळीच्या भिंतीला घासत राहून त्या एका कप्प्यातील वायू दुसऱ्यात जाऊ देत नाहीत. या पट्ट्या म्हणजे रोटरी इंजिनाचे मर्मस्थान होय. आरंभीच्या काळात त्यांच्या कंपनामुळे भिंतीवर उठणाऱ्या खुणांना हिरोशिमाच्या अभियंत्यांनी ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ असे नाव दिले होते. केनिची यामामोटो यांच्या पथकाने कार्बन व ॲल्युमिनियम यांच्या मिश्र पट्ट्या वापरून हा दोष दूर केला, तेव्हा कुठे १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट ही माझ्दाची पहिली रोटरी मोटार विक्रीस आली.

टर्बोचे कार्य

टर्बोचार्जर म्हणजे एकाच दांड्यावरची दोन पाती-चाके. बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूच्या झोताने एक चाक फिरते. त्याच्याबरोबर फिरणारे दुसरे चाक ताजी हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त आणि म्हणून शक्तीही जास्त. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने या कल्पनेचे पेटंट १९०५ सालीच घेतले होते. रोटरी इंजिनाचा वायू फार तप्त असतो आणि जोराने बाहेर पडतो. एरवी वाया जाणारी ही ऊर्जा टर्बोच्या कामी येते, म्हणून या दोघांचे चांगले जुळते.

जत्रेतले भिरभिरे आठवले म्हणजे अडचण कोठे आहे ते कळेल. लहान भिरभिरे नुसत्या फुंकरीने फिरते, मोठ्याला वारा लागतो. लहान टर्बो इंजिनाच्या कमी फेऱ्यांतच जागा होतो, पण जास्त फेऱ्यांत वायूची वाट अडवू लागतो. मोठा टर्बो जास्त फेऱ्यांत भरपूर हवा देतो, पण तोवर चालकाला पेडल दाबून वाट पाहावी लागते.

दोघांची वाटणी

१९८५ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या टर्बो गाडीत एकच टर्बो होता. १९९१ साली तिसरी पिढी आली, तेव्हा माझ्दाने दोन लहान टर्बो पाळीपाळीने कामाला लावले. कमी फेऱ्यांत सगळा वायू पहिल्याकडे जातो. दुसऱ्याला आधीच थोडे फिरवून सज्ज ठेवतात आणि मिनिटाला सुमारे ४,५०० फेऱ्यांवर तोही कामात उतरतो. हवेचा दाब चौरस इंचाला सुमारे १० पौंडांवर चढतो, या हस्तांतराच्या क्षणी ८ च्या आसपास उतरतो व पुन्हा १० वर येतो. अशा रीतीने आरंभी २५५ आणि १९९९ पासून जपानमधील काही नमुन्यांत २८० अश्वशक्ती मिळाली.

ही वाटणी सांभाळण्यासाठी झडपा, विजेवर चालणारे सोलेनॉइड आणि रबरी नळ्यांचे मोठे जाळे लागते. इंजिनाच्या उष्णतेने नळ्या कडक होतात, तडकतात. मग एखादी बारीकशी नळी निसटली तरी दुसरा टर्बो वेळेवर जागा होत नाही, आणि दोष शोधता शोधता दिवस जातो.

एकाचा पक्ष

एकच मोठा टर्बो बसवला की हे जाळे बहुतांशी संपते. वायूला मोकळी वाट मिळते व इंजिनावरचा उलटा दाब घटतो. बॉल बेअरिंगचे नवे टर्बो पूर्वीपेक्षा लवकर जागे होतात. ४०० अश्वशक्तीच्या आसपास जावयाचे असेल, तर हाच मार्ग सोयीचा. तोटा मात्र उघड आहे. कमी फेऱ्यांत हे इंजिन मुळातच दुबळे. गर्दीच्या रस्त्यावर किंवा वळणाच्या घाटात पहिल्या लहान टर्बोची तत्परता हटकून आठवते. दोन्ही टर्बो ठेवून ते सदैव एकत्र चालवण्याचा मधला मार्गही आहे. त्यात नळ्या कमी होतात, पण आरंभीची चपळाईही कमी होते.

खरा धोका

संख्येच्या या वादात एक गोष्ट नेहमी मागे पडते. जास्त हवा आत कोंबली आणि त्या मानाने इंधन वाढवले नाही, तर मिश्रण विरळ होते, उष्णता वाढते व अवेळी स्फोट होऊ लागतात. दट्ट्याचे इंजिन असे काही धक्के सोसू शकते. येथे मात्र एपेक्स सील तुटते आणि इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. म्हणून एक टर्बो बसवणाऱ्याने मोठे इंधन-पंप व इंजेक्टर, हवा थंड करणारा चांगला इंटरकूलर आणि संगणकाची नवी जुळवणी यांचा खर्च आधी धरावा, टर्बोचा नंतर. आणि दोन ठेवणाऱ्याने प्रथम सर्व नळ्या नव्या घालाव्यात.

निष्कर्ष

तेव्हा नेहमीच्या रस्त्यावर, मूळच्या शक्तीत समाधान मानणाऱ्यास दोन टर्बोच योग्य. शर्यतीच्या मैदानावर वरच्या फेऱ्यांतच गाडी पळवणाऱ्यास एक. ‘अधिक चांगले कोणते?’ हा प्रश्न ‘कशासाठी?’ याचे उत्तर मिळेपर्यंत अपुराच असतो. १९९१ सालीच माझ्दाच्या ७८७बी या गाडीने फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. तिच्या इंजिनात चार रोटर होते, टर्बो मात्र एकही नव्हता. चोवीस तास न थांबता टिकणे हा तिचा हेतू होता, आणि त्या हेतूला टर्बोची गरजच नव्हती. साधनाची निवड हेतूवरून करावी, हेतूची साधनावरून नव्हे, हा धडा मोटारीपुरताच मर्यादित आहे असे वाटत नाही.