लव्हाळा : निसर्गनिरीक्षणाचा एक पाठ

संगमनेरजवळ म्हाळुंगी नदी प्रवरेस मिळते. या नद्यांच्या काठी, पाटांच्या कडेस व कांद्याच्या वाफ्यांत लव्हाळा मुबलक आढळतो. मुलांच्या तो रोजच्या परिचयाचा; परंतु 'हे काय?' असे विचारल्यास 'गवत' असेच उत्तर येते. प्रस्तुत लेखकानेही एका पाठात फळ्यावर लव्हाळ्याच्या दांड्यास पेरे काढली होती. 'गुरुजी, ह्याला पेरं कुठं हायेत?' असे हातातील लव्हाळा दाखवून एका मुलाने विचारले, तेव्हा चित्र पुसावे लागले.

लव्हाळा हे गवत नव्हे. त्याचे कूळ निराळे असून शास्त्रीय नाव सायपरस रोटंडस असे आहे. भेद डोळ्यांपेक्षा बोटांस लवकर कळतो. फुलोऱ्याचा दांडा चिमटीत धरून फिरवावा, म्हणजे तीन कडा हातास लागतात. गवताचा दांडा बहुधा गोल, पोकळ व पेरेदार असतो. लव्हाळ्याचा भरीव व बिनपेऱ्यांचा. पात्याने आडवा छेद घेतल्यास त्रिकोण दिसतो. पानेही तीन ओळींत येतात. गवतास दोनच ओळी असतात. तांबूस-तपकिरी फुलांस पाकळ्या नसतात, कारण परागकण वाऱ्यानेच वाहून नेले जातात. प्राचीन इजिप्तमध्ये ज्या पपायरसपासून लिहिण्याचे कागद करीत, तोही याच प्रजातीचा भाऊबंद होय.

परंतु लव्हाळ्याचे खरे बळ जमिनीखाली आहे. तो उपटला तर पाने हाती येतात, गाठी मातीतच राहतात. म्हणून मुलांकडून तो कुदळीने खणून काढवावा. बारीक दोऱ्यासारख्या खोडांनी जोडलेल्या काळपट गाठींची माळच निघेल. गाठ ठेचून वास घ्यावयास सांगावे. उटण्यातील नागरमोथा म्हणजे याच्या किंवा याच्या सजातीय वनस्पतींच्या गाठी. माळ अखंड असता टोकाची गाठ फुटते व मागच्या बऱ्याचशा सुप्त राहतात. नांगराने माळ तुटली, की सुट्या झालेल्या गाठी एकेक करून फुटू लागतात. निंदणीनंतर लव्हाळा दाट का होतो, हे शेतकऱ्याच्या मुलास येथे उमगते.

याचा पडताळा वर्गातच घ्यावा. एका कुंडीत पाच गाठींची अखंड माळ व दुसरीत पाच सुट्या गाठी लावून रोजचे कोंब मुलांकडून मोजवावेत. प्रयोग संपल्यावर गाठी कडक उन्हात पूर्ण वाळवाव्यात. शाळेच्या बागेत टाकू नयेत.