वजन उतरविण्याची शस्त्रक्रिया आणि आधीची धास्ती



या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा, माती परीक्षण, हुमणीचा बंदोबस्त असे विषय घेत असतो. या अंकात त्याला फाटा देत आहोत. कारण असे, की अलीकडे प्लॉट पाहणीस गेलो की सभासद उसाआधी आमच्याकडेच बघतात. "साहेब, निम्मं कुठं ठिवून आला?" असे थट्टेने विचारतात. ते ठीक. पण त्यांतलाच एखादा निघताना मोटारसायकलपाशी येतो आणि आवाज खाली करून म्हणतो, "आमच्या मंडळींना डॉक्टरनी तेच आप्रेशन सांगितलंय. लई भ्याल्यात. तुम्ही भ्याला न्हाईसा का?"

आम्ही भ्यालो. इतके भ्यालो की पहिल्या वेळेस इस्पितळातून पळून आलो. ही गोष्ट आजवर घरच्या माणसांखेरीज कोणास माहीत नव्हती. चेअरमनसाहेबांनाही आम्ही "तारीख पुढं गेली" एवढेच सांगितले होते. ते आता हे वाचतीलच.

सन २०२३ च्या आरंभी आमचे वजन १२४ किलो होते, उंची १७० सेंटीमीटर. किलोतील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की येणाऱ्या आकड्यास बीएमआय म्हणतात. आमचा जवळजवळ ४३ होता. मधुमेह होता, गुडघे बोलत होते, सरी ओलांडताना धाप लागत होती. तरीही आम्ही कानाडोळा केला असता. पण त्या हंगामात एका रात्री तोडणीची तक्रार मिटवून परतताना जीप चालवता चालवता आमचा डोळा लागला आणि गाडी कालव्याच्या भरावावर चढली. शेजारी स्लिप बॉय बसला होता, विशीतला पोरगा. त्याला काही झाले नाही. डॉक्टरांकडे आम्ही गेलो ते त्याच्या आईबापांची तोंडे डोळ्यांपुढे आली म्हणून.

आता ही शस्त्रक्रिया म्हणजे काय ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी, की पोट फाडून चरबी काढतात. तसे नाही, चरबीला हातच लावत नाहीत. पोटावर चार-पाच लहान छिद्रे पाडून दुर्बिणीतून काम करतात. आमची केली त्या प्रकारात जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्याएवढी उभी नळी शिल्लक ठेवतात. भूक चेतवणारे घ्रेलिन नावाचे द्रव्य जास्त करून त्या काढलेल्या भागात तयार होते, त्यामुळे घास कमी जातो आणि वखवखही कमी होते. दुसरा प्रकार बायपासचा. त्यात जठराच्या वरच्या टोकाशी लहान पिशवी करून तिला पुढचे आतडे जोडतात. हृदयाचा बायपास तो वेगळा. हा पोटाचा बायपास अमेरिकेत आयोवा येथे डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली सुरू केला, म्हणजे प्रकार काही कालपरवाचा नव्हे.

जून २०२३ मध्ये पुण्यातील एका इस्पितळात आम्ही दाखल झालो. आदल्या संध्याकाळी संमतीपत्र वाचावयास दिले. त्यात रक्तस्राव, शिवणीतून गळती, रक्ताची गुठळी आणि शेवटी मृत्यू, असे शब्द ओळीने होते. सही केली. रात्रभर छताकडे पाहत राहिलो. पहाटे पाच वाजता सौभाग्यवती बाकावर झोपली असता इस्पितळाचे कपडे उतरवले, पँट चढवली आणि सरळ स्वारगेटचा एसटी स्टँड गाठला. तिथे बाकावर बसलो तो गाडीत चढायचेही धैर्य होईना. सहा वाजता फोन आला. ओरडतील असे वाटले होते. त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, चहा घेतला का? ऑपरेशन नका करू वाटल्यास, पण मी इथं पिशवी घेऊन बसलीया. मला घ्यायला तरी या."

परत गेलो. जिन्यातच त्यांनी विचारले, "तंबाखूचं सांगितलंय का त्यांना?"

सांगितले नव्हते. छापील प्रश्नावलीत तंबाखू या शब्दापुढे आम्ही "नाही" लिहिले होते आणि घोरण्यापुढे "कधी कधी". वास्तविक दिवसाला दोन पुड्या चालू होत्या, एक त्या वेळीही खिशात होती. घोरण्याचे तर गल्लीला ठाऊक. रात्रभर आम्ही जे भीत होतो ते नुसते मरणाला नव्हे. ही लपवाछपवी भूल दिल्यावर उघडी पडणार आणि तोवर उशीर झालेला असणार, ही खरी धास्ती होती. खोटी लागण तारीख नोंदवू नका, तोडणीचा सगळा कार्यक्रम विस्कटतो, असे आम्ही वीस वर्षे सभासदांना सांगत आलो आणि स्वतःची नोंद मात्र खोटी दिली.

भूलतज्ज्ञ बाईंपुढे सगळे कबूल केले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी तारीख रद्द केली आणि कारणे सांगितली. तंबाखूतील निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरून येण्यास अडचण होते. चघळलेली असो वा ओढलेली, किमान सहा आठवडे बंद पाहिजे. भयंकर घोरणाऱ्या जाड माणसाचा श्वास झोपेत मधून मधून थांबतो. ते आधी कळले तर भूल देताना आणि नंतरही वेगळी काळजी घेता येते. आमची झोपेची तपासणी झाली, श्वास थांबत असल्याचे निघाले, आणि रोज रात्री नाकावर मुखवटा लावून हवा देणारे यंत्र घेऊन झोपण्याचा हुकूम झाला. आठ दिवसांत दिवसाची पेंग गेली. जीपचे कोडे तिथे उलगडले.

म्हणून सभासदांस आमचे पहिले सांगणे हेच, की धीर नंतर धरा, आधी सगळे सांगून टाका. दारू, तंबाखू, वैद्याची पुडी, रक्त पातळ करण्याची गोळी, पूर्वी कधी भुलीचा त्रास झाला असल्यास तोही. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांतली कोणती कधी बंद करायची हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

मधल्या आठ आठवड्यांत आम्ही एक केले. ऊस नोंदीच्या जुन्या पावत्यांच्या पाठीवर मनात येईल ती शंका लिहून ठेवू लागलो. रात्री दोनला आलेलीही. मध्येच जाग आली तर? शिवण सुटली तर? मेलो तर? पुढच्या भेटीला ती चळत डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांना हसू आले, पण एकेका चिठ्ठीस उत्तर दिले. मेलो तर, या चिठ्ठीला त्यांनी आकडा दिला. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ४,७७६ रुग्ण पाहिले, त्यांत तीस दिवसांच्या आत दगावलेले हजारी तीन. आणि शस्त्रक्रिया न करताही धोका असतोच. स्वीडनमध्ये दोन हजारांवर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची तुलना तशाच जाड पण शस्त्रक्रिया न केलेल्यांशी केली. सरासरी अकरा वर्षांच्या पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यू कमी होते, हे २००७ साली छापून आले. आपल्या डॉक्टरांना त्यांच्या स्वतःच्या हातचा आकडा विचारावा. विचारण्यात अपमान नाही. वजनकाट्यावर शंका आली तर सभासद काटा तपासून मागतात, मग इथे का लाजावे?

आकड्याने भीती गेली का? नाही. पण तिला कुंपण पडले. हजारातले तीन म्हणजे किती, हे तरी कळले.

आईची हरकत मात्र आकड्याने मिटणारी नव्हती. ती म्हणाली, "पोटासाठी तर जल्मभर राबायचं, आन् त्येच कापून घ्यायचं व्हय रं?" याला आमच्याकडे उत्तर नव्हते. शेवटी ही शस्त्रक्रिया पूर्वी करून घेतलेल्या, शेजारच्या तालुक्यातल्या एका शिक्षिकाबाई घरी येऊन आईशी तासभर बोलल्या. बाईंनी काही लपवले नाही. सुरुवातीचे दोन दिवस पाण्याचा घोटही जड जातो, केस गळले, कातडी लोंबली, लग्नाच्या पंगतीत अर्धी पोळी टाकून उठताना वाढपी रागावतो, जीवनसत्त्वे आणि कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात आणि रक्त तपासत राहावे लागते. खाणे पुन्हा सैल सोडले तर वजन परत चढते, हेही सांगितले. आई ऐकून घेऊन म्हणाली, "मग तू येका जाग्याला बसून भाकरी खातीस न्हवं? मग झालं." डॉक्टरांनी न घालवलेली भीती त्या बाईंनी घालवली. होता होईल तो असा एक माणूस शोधावाच.

शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी फार कमी आहारावर ठेवतात. जठरावर यकृताची एक बाजू पसरलेली असते. जाड माणसाचे यकृत चरबीने फुगलेले असते, ते आक्रसले तर डॉक्टरांना ते उचलून काम करायला जागा मिळते. आपल्याकडे मात्र नेमके याच दिवसांत "आता पुन्हा खाता यायचं नाही" म्हणून पाव्हणे जेवायला बोलावतात. सासुरवाडीने आम्हांस पुरणपोळीचे ताट धाडले, जणू डोहाळजेवणच. सौभाग्यवतींनी ते गल्लीत वाटून टाकले. भीतीपोटी माणूस या दिवसांत जास्तच खातो, हा आमचा स्वतःचा अनुभव आहे. तोंड चाळवले की आम्ही कॉलनीला एक फेरी मारीत असू. सांगितल्याप्रमाणे तीन गोट्यांच्या यंत्रात श्वास ओढण्याचा सरावही करीत असू. फुप्फुसाला बळ येते आणि हाताला काम मिळते.

पैशाची धास्ती वेगळी. विमा असेल तर पॉलिसी आधीच वाचून घ्यावी. विमा नियामकाने २०१९ साली ठरविलेल्या अटींत साधारणपणे बीएमआय ४० वा अधिक, किंवा ३५ आणि सोबत आटोक्यात नसलेला मधुमेह वा हृदयविकार यांसारखा गंभीर आजार, असे धरले आहे. प्रतीक्षा काळही असतो. खर्चाचा आकडा लेखी घ्या.

ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा दाखल झालो. आदल्या रात्री भीती पुन्हा आलीच. या वेळी आम्ही ती परिचारिकेस बोलून दाखवली. तिने खाटेशी बसून श्वास चार आकडे मोजत घ्यायला आणि सहा मोजत सोडायला लावले. साधी गोष्ट, पण छातीतली धडधड उतरली. झोपेची गोळी आपल्या मनाने घेऊ नये. आमच्यासारख्या घोरणाऱ्यास ती घातक ठरू शकते. सकाळी पायांत घट्ट मोजे चढवले, गुठळी होऊ नये म्हणून. सौभाग्यवती दारापर्यंत आल्या, पाकिटासह. आत दिव्यांखाली त्याच भूलतज्ज्ञ बाई होत्या. हाताला सुई लावता लावता म्हणाल्या, "साहेब, तुमच्याकडं आडसालीला एकरी किती टन पडतो?" आम्ही ऐंशी म्हणणार होतो. जमिनीवर अवलंबून आहे, असे सुरू केल्याचे आठवते. पुढचे आठवते ते थेट कोरडी जीभ आणि "झालं, झालं" असा आवाज.

त्याच संध्याकाळी चालवले. तिसऱ्या दिवशी घरी आलो. आज वजन ८९ किलो आहे, मधुमेहाच्या तीन गोळ्यांची एक झाली. सगळ्यांचे असेच होते असे नव्हे.

सर्व तयारी करूनही मन घेत नसेल, तर "नको" म्हणण्याचा हक्क टेबलावर जाईपर्यंत आपला असतो. ते पळून न जाता सांगावे, इतकेच. २०२५ पासून आठवड्याला एकदा टोचायची वजनाची इंजेक्शनेही आपल्या देशात मिळू लागली आहेत. आपल्याला ती चालतील का, हे डॉक्टरांना विचारावे. भीतीबरोबर सतत उदासी असेल, जेवण-झोप उडाली असेल, तर मानसोपचार तज्ज्ञाकडे जाण्यात काही वेड लागल्याची गोष्ट नाही. बहुतेक इस्पितळांत या शस्त्रक्रियेआधी ती भेट ठेवलेलीच असते.

ज्या सभासदांच्या घरी अशी तारीख ठरली असेल त्यांनी सोमवारी, बाजारच्या दिवशी, अकरा ते एक या वेळात शेतकी ऑफिसात यावे. मंडळींना बरोबर आणावे, सौभाग्यवतीही त्या वेळी येऊन बसतील. शंकांच्या चिठ्ठ्या लिहिण्यास जुन्या पावत्या आमच्याकडे भरपूर आहेत.

पुढील अंकी : आडसाली लागणीसाठी बेणे निवड व बेणेप्रक्रिया.