बाळाच्या चेहऱ्यावर ठिपके? उन्हापासून जपा
सूर्याच्या अतिनील किरणांनी त्वचेतील पेशींच्या डीएनएला इजा होते. शरीर ती दुरुस्त करीत असते. दुरुस्ती करणाऱ्या जनुकात उत्परिवर्तन असल्यास इजा साचत जाऊन बालपणीच त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. या दुर्मिळ आनुवंशिक विकारास ‘झेरोडर्मा पिग्मेंटोझम’ म्हणतात.

आई-वडील निरोगी असूनही दोघे दोषाचे वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात अपत्यास विकार होण्याची शक्यता २५ टक्के असते. मामा-भाची किंवा आते-मामे भावंडांच्या विवाहात ही शक्यता अधिक संभवते. यात दोष कोणा एकाचा नसतो.

लक्षणे : दोन वर्षांच्या आत चेहरा, मान व हातांवर तपकिरी ठिपके, थोड्याशा उन्हानेही त्वचा भाजणे, प्रकाश सहन न होणे.

काळजी : जनुकीय दोष बरा करता येत नाही, कर्करोग मात्र बऱ्याच अंशी टाळता येतो. बाळास उन्हापासून पूर्णपणे दूर ठेवावे. पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी व चष्मा वापरावा. ‘ड’ जीवनसत्त्व वैद्यकीय सल्ल्याने द्यावे. त्वचा व डोळे नियमित तपासून घ्यावेत. नवी गाठ किंवा न भरणारा व्रण दिसल्यास विलंब करू नये.

बेंगळुरूत कर्करोगावरील उपचार किदवई संस्थेत होतात. पुढील गर्भारपणापूर्वी आनुवंशिकी समुपदेशन अवश्य घ्यावे.