मोटारीतील सुरक्षा-साधने आणि आपली जबाबदारी

आपल्या विद्यालयाच्या वसतिगृहात राहून शिकलेले अनेक माजी विद्यार्थी आज नोकरी-व्यवसायात स्थिरावले आहेत. ज्या घरांतील मुले पत्र्याची ट्रंक घेऊन एसटीने, प्रसंगी पायी वसतिगृहात दाखल होत, त्या घरांच्या दारात आज चारचाकी उभी असते. बहुतेकांच्या घराण्यातील ती पहिलीच मोटार होय. या प्रगतीचा आम्हांस मनापासून आनंद आहे. परंतु मोटार विकत घेता येते, तशी ती वापरण्याची शिस्त विकत घेता येत नाही. ज्या घरात यापूर्वी कोणी मोटार चालविलेलीच नाही, तेथे मुलाशेजारी बसून त्याला चार गोष्टी सांगणारे वडील किंवा काका नसतात. अशा घरातील कर्ता माणूस अपघातात गेला, तर दोन पिढ्यांच्या कष्टातून उभे राहिलेले कुटुंब पुन्हा जेथून निघाले तेथे येऊन पोहोचते. म्हणूनच या स्मरणिकेत आम्ही हा विषय अभ्यासासाठी घेतला आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी १६,७१५ जणांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता, अशी नोंद आहे. त्यांत चालक ८,३८४ आणि इतर प्रवासी ८,३३१ होते. म्हणजे जवळजवळ निम्मे लोक गाडी चालवत नव्हते, केवळ बसलेले होते. ‘मी कुठे चालवतोय, मला पट्टा कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर या आकड्यांत आहे.

चारोटीचा धडा

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर एक मोटार कठड्यावर आदळली. गाडी महागडी होती आणि तिच्यात अनेक एअरबॅग होत्या. पुढच्या आसनांवरील दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागच्या आसनांवरील दोघांचा मृत्यू झाला. त्यांत सुप्रसिद्ध उद्योगपती सायरस मिस्त्री होते. मागील दोघांनी सीटबेल्ट लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. या घटनेनंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मोटारीतील सर्वांना सीटबेल्ट सक्तीचा केला. वास्तविक समोर तोंड असलेल्या मागच्या आसनावरही पट्टा लावलाच पाहिजे, अशी तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांत आधीपासूनच होती. आपल्या सवयीत मात्र ती नव्हती.

धडक होते तेव्हा नेमके काय घडते?

शाळेत शिकलेला जडत्वाचा नियम येथे आठवावा. ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीत बसलेला माणूसही त्याच वेगाने पुढे जात असतो. हा वेग सेकंदाला १५ मीटर होतो. सुमारे साडेअकरा मीटर उंचीवरून, म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीवरून पडलेली वस्तू जमिनीवर पोहोचताना तिचा वेग एवढाच असतो. गच्चीच्या कठड्याला आपण घट्ट धरून उभे राहतो. मोटारीत मात्र तोच धोका डोळ्यांना दिसत नाही.

एका अपघातात खरे तर तीन धडका होतात. पहिली धडक मोटारीची, समोरच्या वस्तूवर. दुसरी आपल्या देहाची, मोटारीच्या आतील भागावर. तिसरी देहातील मेंदू, हृदय, यकृत या अवयवांची, हाडांच्या पिंजऱ्यावर. या तिन्ही धडकांची तीव्रता कमी करण्याचा एकच उपाय आहे, तो म्हणजे थांबण्यास मिळणारे अंतर आणि वेळ वाढविणे.

समजा, वरील वेगाने जाणारी मोटार भिंतीवर आदळली आणि तिचा पुढचा भाग ६० सेंटिमीटर चुरगळला. पट्टा लावलेला माणूस मोटारीशी बांधलेला असल्याने त्यालाही थांबण्यास साधारण तेवढेच अंतर मिळते. तो ६० किलो वजनाचा असेल, तर त्याच्यावर सरासरी साडेअकराशे किलो वजनाइतके बल येते. हे बल मोठे असले तरी छातीच्या व कमरेच्या मजबूत हाडांवर विभागले गेल्यास माणूस ते सोसू शकतो. पट्टा न लावलेला माणूस मात्र मोटार थांबल्यावरही त्याच वेगाने पुढे जातो आणि डॅशबोर्डवर किंवा पुढच्या आसनावर आदळून पाच-सहा सेंटिमीटरांतच थांबतो. अंतर दहापट कमी झाले की बल दहापट वाढते. मागे पट्ट्याविना बसलेला माणूस पुढच्या आसनावर आदळतो, तेव्हा पट्टा लावून बसलेल्या पुढच्या माणसाचाही जीव तो धोक्यात घालतो.

मांडीवर मूल घेऊन पुढे बसणाऱ्या मातांनी हाच हिशेब बाळाच्या बाबतीत करून पाहावा. दहा किलोच्या बाळाला अशा धडकेत धरून ठेवायचे, तर आईच्या हातांना जवळजवळ १९० किलोचे ओझे पेलावे लागेल. कोणत्याही आईचे प्रेम कमी पडत नाही, पण हातांचे बळ कमी पडते. बाळासाठी मागच्या आसनावर बांधलेले लहान मुलांचे आसनच हवे. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा असे आसन नसल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब अन्वये १,००० रुपये दंड आहे.

साधनांची घडण

मोटारीचा पुढचा भाग लगेच चुरगळतो, म्हणून ‘आजकालच्या गाड्या पत्र्याच्या डब्यासारख्या’ अशी तक्रार आपण ऐकतो. वस्तुतः तो भाग चुरगळण्यासाठीच घडविलेला असतो. मर्सिडीज-बेंझचे अभियंते बेला बारेनी यांना या कल्पनेचे पेटंट १९५२ साली मिळाले. पुढचा व मागचा भाग चुरगळून धडकेची ऊर्जा शोषून घेतो आणि मधला, माणसे बसतात तो भाग पिंजऱ्यासारखा टणक राहतो.

१९५९ साली स्वीडनमधील व्होल्वो कंपनीचे अभियंते निल्स बोलिन यांनी खांदा आणि कंबर दोन्ही बांधणारा तीन-बिंदू सीटबेल्ट मोटारीत आणला. कंपनीने त्याचे पेटंट इतरांसाठी खुले ठेवले. जगातील प्रत्येक मोटारीत तो दिसतो, त्याचे हे एक कारण आहे. चाके जाम न होऊ देणारी एबीएस ब्रेकप्रणाली १९७८ साली मोटारींत आली. जोराचा ब्रेक दाबतानाही ती सुकाणू ताब्यात ठेवते. एबीएस असलेल्या गाडीत संकटसमयी ब्रेक पूर्ण दाबून धरावा आणि गाडी वळवावी. पायाखाली पेडल थरथरले म्हणून घाबरून पाय उचलू नये.

एअरबॅग धडकेनंतर सेकंदाच्या काही शतांश भागात फुगते. पट्टा लावलेला आहे, असे गृहीत धरूनच ती घडविलेली असते. पट्ट्याविना पुढे फेकला गेलेला देह फुगणाऱ्या एअरबॅगवर आदळल्यास तीच इजा करू शकते. म्हणून चालकाची छाती सुकाणूपासून किमान २५ सेंटिमीटर दूर असावी. शेजारच्याने डॅशबोर्डवर पाय ठेवू नयेत. मागे तोंड असलेले बाळाचे आसन चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये.

ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ या योजनेत आपल्या देशात मोटारींच्या धडक-चाचण्या होऊ लागल्या असून पाचपर्यंत तारे दिले जातात. मोटार घेताना मायलेजइतकीच चौकशी या ताऱ्यांचीही करावी. मात्र एक लक्षात ठेवावे की, समोरून होणारी धडक-चाचणी ताशी ६४ किलोमीटर वेगाने होते आणि चाचणीतील पुतळ्यांना पट्टे बांधलेले असतात. पट्टा न लावता शंभरच्या वेगाने जाणाऱ्यासाठी ते तारे नव्हेत.

साधने निकामी करणाऱ्या आपल्याच काही सवयी आहेत. पट्ट्याचा गजर बंद करणाऱ्या खोट्या क्लिपा अनेकजण वापरतात. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्यांच्या ऑनलाइन विक्रीविरुद्ध आदेश दिले. पुढे बसविलेला लोखंडी गार्ड धडकेचे बल थेट सांगाड्याकडे नेतो आणि एअरबॅगच्या कार्यात अडथळा आणतो. त्यावरही केंद्र शासनाने २०१७ साली बंदी घातली आहे. पट्टा पोटावरून न घेता ओटीपोटाच्या हाडांवरून आणि खांद्याच्या मध्यावरून घ्यावा. गर्भवती भगिनींनी खालचा पट्टा पोटाच्या खालून घ्यावा.

अपघात टाळणारे वाहनचालन

वरील बहुतेक साधने अपघात घडल्यावर कामास येतात. तो घडूच नये यासाठी चालकाचे मन जागे हवे. दुसऱ्याची चूक होणार हे गृहीत धरून आधीच जागा व वेळ राखून ठेवणे, यालाच बचावात्मक वाहनचालन म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. कोरड्या रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना समोर अडथळा दिसला. तो दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद जातो, तेवढ्यात मोटार ३३ मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लागल्यावर आणखी सुमारे ३५ मीटर जाते. एकूण ६८ मीटर झाले. वेग १०० असेल, तर हेच अंतर सुमारे ९७ मीटर होते. म्हणजे ८० च्या वेगाची मोटार जेथे पूर्ण थांबली असती, तेथून १०० ची मोटार अजून सुमारे ७० च्या वेगाने पुढे जात असते. वेग फक्त २० ने वाढला, पण एक गाडी थांबते आणि दुसरी धडकते. पावसात हे अंतर आणखी कितीतरी वाढते.

म्हणून पुढच्या गाडीपासून किमान तीन सेकंदांचे अंतर ठेवावे. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात सावकाश ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ म्हणावे. ते संपण्याआधी आपण खांबाशी पोहोचलो, तर आपण फार जवळ आहोत. पावसात व रात्री हे अंतर दुप्पट करावे.

आपल्या भागातील काही धोके ठरलेले आहेत. ऊसतोडणीच्या हंगामात मागे दिवा वा परावर्तक नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात. महामार्गाच्या कडेला बंद पडलेले ट्रक तसेच उभे असतात. आपल्या दिव्यांचा उजेड जेवढ्या अंतरावर पडतो, तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग रात्री ठेवावा. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकून डिझेल वाचविण्याची खोड जीवघेणी आहे. सतत दाबून ब्रेक तापतात व निकामी होतात. खालच्या गिअरमध्येच घाट उतरावा. समृद्धी महामार्गासारख्या लांब, सरळ रस्त्यावर मन सुन्न होते आणि उन्हाळ्यात हवा कमी असलेला टायर तापून फुटू शकतो. प्रवासापूर्वी टायर थंड असतानाच हवा तपासावी. टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरल्या असतील, तर तो बदलावा.

झोप हा मोठा शत्रू आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरला वा ६ डिसेंबरला दादरला भाड्याच्या जीपने रात्रभर प्रवास करून जाणारी कुटुंबे आपल्यात पुष्कळ आहेत. चालकही दिवसभर काम करून आलेला असतो. पहाटे दोन ते पाच या वेळेत डोळा लागण्याचा धोका सर्वाधिक असतो. चहाने थोडा वेळ तरतरी येते, झोप भागत नाही. दर दोन तासांनी थांबावे, शक्य असेल तेथे दुसरा चालक सोबत घ्यावा, नाहीतर मुक्काम करावा. चालकाला ‘लवकर पोहोचव’ म्हणणाऱ्याने आपण कशाची घाई करीत आहोत, याचा विचार करावा.

अपघात दिसल्यास

प्रथम आपली गाडी सुरक्षित जागी थांबवून इशारा-दिवे लावावेत. १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस मदत मागवावी. जखमीच्या गाडीचे इंजिन बंद करावे. आग किंवा तसाच धोका नसेल, तर जखमीला ओढून बाहेर काढू नये, कारण मानेला इजा असल्यास ती वाढते. पाणी पाजू नये. रक्तस्राव होत असेल, तेथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. पोलिसांचा ससेमिरा लागेल या भीतीने अनेकजण पुढे होत नाहीत. परंतु मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ नुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण आहे. आपले नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती करता येत नाही.

आवाहन

पालक व माजी विद्यार्थी बंधू-भगिनींना आमची एक विनंती आहे. सुट्टीत मुलांना न्यायला येणारी प्रत्येक मोटार विद्यालयाच्या फाटकातून बाहेर पडण्यापूर्वी क्षणभर थांबवावी आणि पुढच्या-मागच्या सर्वांचे पट्टे लागले आहेत, हे गाडीतील सर्वांत लहान विद्यार्थ्याने मोठ्याने सांगावे. मुले हे काम आवडीने करतात, आणि मुलाने सांगितल्यावर आजोबाही पट्टा लावतात, असा आमचा अनुभव आहे. घरी पोहोचेपर्यंत ही सवय मोडू देऊ नये.